मदुराई, आवाज येतोय का?

तात्या माणसांना नावानं नाही, शहरानं हाक मारायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला धुतलेली टोपी घालून ते सोप्यातल्या खुर्चीत ताठ बसायचे. समोर स्टुलावर पितळी तांब्याला टेकवलेला मोबाईल. पडद्यावर एकेक चौकोन उघडत जायचा आणि तात्यांची हजेरी सुरू व्हायची. "कोइंबतूर? गुवाहाटी? कटक, तुजा पंखा बंद कर गड्या, काय बी ऐकू येईना." पण सगळ्यांच्या आधी, न चुकता, पहिली हाक एकच असायची. "मदुराई, आवाज येतोय का?"

मदुराईचा चौकोन काळा असायचा. कॅमेरा बंद, आवाज बंद. उत्तर कधीच यायचं नाही. तात्या थोडा वेळ मोबाईलकडे बघत थांबायचे, मग वहीत काहीतरी लिहीत म्हणायचे, "हाय. दिसतंय." आणि पुढच्या शहराकडे वळायचे.

विट्याजवळच्या आमच्या गावात यात नवल काही नाही. दर दुसऱ्या घरातला एक माणूस कुठल्यातरी लांबच्या शहरात गलाईचं दुकान चालवतो. सोनारांकडची जुनी मोड, दुकानातला केर, हे सगळं घ्यायचं, भट्टीत आणि तेजाबात घालून त्यातलं सोनं शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. तात्यांनी तो मदुराईत सव्वीस वर्षं केला. तेजाबाच्या धुरानं छाती गेली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा दुकान धाकट्या भावाच्या, मारुतीच्या हाती देऊन ते गावी आले. गावच्या गलाईवाल्यांचं एक मंडळ होतं. यात्रा, शाळेचं छप्पर, परमुलखात कोणी आजारी पडलं तर धावाधाव, असली कामं. तात्या त्याचे सचिव. बैठका मोबाईलवर आल्या तेव्हा त्यांनी मला हाक मारली, कारण मी शेजारची, आणि सांगलीत विश्रामबागच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते एवढं त्यांना पुरेसं होतं.

बैठकीचं इतिवृत्त तात्या स्वतः लिहायचे. लांबट वही, निळं पेन, एकसारखं अक्षर. मग मी त्या पानाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवायचे. एकदा मंदिराच्या रंगावरून कोइंबतूर आणि गुवाहाटी यांची अशी जुंपली की अर्धा तास दुसऱ्या कुणाला तोंड उघडता आलं नाही. तात्यांनी लिहिलं, 'मंदिराच्या रंगाबाबत सविस्तर चर्चा झाली. रंग पांढरा ठरला.' मला हसू आवरेना.

"तात्या, आवं, कोइंबतूरनं गुवाहाटीच्या बापाचा उद्धार केला, ते कुठं हाय ह्यात?"

"ते त्याच्या तोंडात ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "तोंडातलं सांजपतूर इरून जातंय, शुभे. कागदावर चढलं का नातवंडं वाचत्यात. कागदावर भांडान चढवायचं न्हाई."

हा त्यांचा नियम. या लेखात मी तो मोडणार आहे. ज्यांना विचारून मोडायला हवा त्यांना विचारलं आहे, आणि त्यांनी सांगितलं, "लिव. माजं नाव घालून लिव."

मदुराईच्या काळ्या चौकोनामागं कोण होतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांची आई उन्हाळ्यात गेली, ऐन दुपारी. मारुती निघाला होता, पण मदुराईहून विट्याला यायचं म्हणजे दीड दिवस. त्या उन्हात देह ठेवायची सोय गावात नव्हती. जाणती माणसं म्हणाली, उरका. तात्यांनी उरकलं. मारुती पोचला तेव्हा राख गार झाली होती. तो सोप्यात आला, आईच्या रिकाम्या बाजेकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "माज्यासाठी थांबावं वाटलं न्हाई, दादा?" तेराव्याला निघून गेला, तो नऊ वर्षं आला नाही. फोनही नाही. मंडळाच्या बैठकीला मात्र तो येऊन बसायचा, काळा होऊन. आणि तात्या प्रत्येक इतिवृत्तात हजेरीचं पहिलं नाव त्याचं लिहायचे. 'श्री. मारुती हे उपस्थित होते.'

काकींचं, म्हणजे तात्यांच्या बायकोचं, दुखणं वेगळं होतं. त्या लग्न होऊन मदुराईला गेल्या तेव्हा मारुती पंधरा वर्षांचा होता. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी त्याला रांधून वाढलं, तापात उशाशी बसल्या, मिसरूड फुटल्यावर चेष्टा केली. तात्या भावाच्या अबोल्यावर बोलत नसत. काकी बोलत, पण भिंतीशी, भांड्यांशी, चुलीशी. "नऊ वर्सं झाली, वैनी मेली का जगली इचारलं न्हाई," असं काहीतरी आतून ऐकू यायचं आणि तात्या खोकून विषय बदलायचे.

आता माझं सांगते. आमच्या ऑफिसात तेव्हा एक काम चालू होतं. व्हिडिओ बैठकीतला आवाज उचलायचा, संभाषणाचं विश्लेषण करणाऱ्या एका बाहेरच्या सेवेकडे पाठवायचा, आणि तिकडून परत आलेलं सगळं अहवालात मांडायचं. कोण किती बोललं, कुणी कुणाला मधेच तोडलं, सूर कसा होता, काय ठरलं. आमच्याकडून तिकडे आणि तिकडून आमच्याकडे जाण्यायेण्याची जी वाट असते तिला एपीआय म्हणतात. ती वाट बांधणं माझं काम. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातली छापील मराठी त्या सेवेला कळत होती, आमच्याकडची 'हाय-न्हाई' कळते का ते बघायचं होतं. नमुना कुठून आणायचा? मला तात्यांची बैठक आठवली. मी त्यांना सांगितलं की तुमचा लिहायचा त्रास वाचवते. खरं तर मला नमुना हवा होता.

"समद्यांना इचार आधी," तात्या म्हणाले. मी बैठकीत विचारलं. पोरीनं काहीतरी नवं केलंय म्हणून सगळे खूश. काळा चौकोन काही बोलला नाही.

पहिला अहवाल आला तेव्हा मी तो तात्यांना वाचून दाखवला. बैठकीतला निम्म्याहून जास्त वेळ ते एकटेच बोलले होते. ते ओशाळले. "एवढा बोलतो व्हय मी? कुनी सांगितलं न्हाई कवा." पुढे एक ओळ होती, 'सुरुवातीलाच दीर्घ शांतता. कारण अज्ञात.' ती मदुराईसाठी थांबलेली शांतता होती. मी ती ओळ वाचली आणि पुढे गेले.

मग कोण कुणावर चिडलं याचा भाग आला. तात्यांनी हात वर केला. "ह्ये समद्यांना जानार?"

"व्हय तात्या. बैठक संपली की आपोआप जातंय. बघायची बी गरज न्हाई."

"शुभे, सोनाराच्या दुकानातला केर आमी आनायचो, जाळायचो, धुवायचो. निघंल तेवढं सोनं द्यायचं. केर कुनी गिऱ्हाइकाला परत देत न्हाई गं."

मी हसले. त्यांना समजावलं की हल्ली सगळीकडे असंच असतं, काही लपवायचं नसतं. आणि वर मीच म्हणाले, "आता वही कशाला? मी पानाचे फोटो पाठवायचं बंद करते." तात्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि वरून हात फिरवला. बरं, म्हणाले.

गणपती होऊन गेले होते त्या रविवारची गोष्ट. मी सुट्टीला गावात होते, पण बैठकीला बसले नव्हते, घरी केस धुऊन वाळवत होते. आपोआप सगळं होत असताना माझी गरज काय? तात्यांची छाती त्या महिन्यात फार भरली होती. दोन शब्दांनंतर दम लागायचा. त्यांनी हजेरी सुरू केली. "मदुराई, आवाज..." आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबता थांबेना. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा काळ्या चौकोनातून आवाज आला.

"दादा, तब्येत कशी हाय?"

मी हे नंतर रेकॉर्डिंगवर ऐकलं. त्या प्रश्नानंतर तात्यांचा श्वास ऐकू येतो. मग मागून, स्वयंपाकघरातून, काकींचा आवाज. त्यांनी मारुतीचा आवाज ओळखला होता. नऊ वर्षांचं साचलेलं एका दमात बाहेर आलं. "आईला खांदा द्याय आला न्हाई, आन् आता भावाची चौकशी करतोय." आणि त्याखाली, त्याच वेळी, अगदी बारीक आवाजात तात्या बोलतात. हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून मी ते चौथ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं. "बरं हाय रं. तू जेवतोस न्हवं येळंवर?"

मारुतीनं यातलं काहीच ऐकलं नाही. प्रश्न विचारला आणि त्याचं नेट गेलं. परत जोडलं जाईपर्यंत बैठक आटोपली होती, तात्यांना बोलवतच नव्हतं. म्हणून तो अहवालाची वाट बघत बसला. दादा काय म्हणाला ते त्यात असणार होतं.

आमच्याकडे एका मोबाईलसमोर कधीच एक माणूस नसतो. मागं बायको असते, दारात शेजारी असतो, कुणी न्हाणीतून ओरडत असतं. हे मला माहीत होतं, मी त्याच घरांतली आहे. पण ती वाट बांधताना मी ऑफिसातल्या माणसांचा विचार केला, एक पडदा एक माणूस. तात्यांच्या मोबाईलमधून आलेला आवाज तात्यांचा, असं यंत्रानं धरलं. काकींचा आवाज खणखणीत होता, तो त्यानं उचलला. तात्यांचा क्षीण होता, तो मागचा गोंगाट समजून टाकून दिला. सगळ्यांना गेलेल्या अहवालात असं होतं:

'मारुती: दादा, तब्येत कशी आहे? तात्या: आईला खांदा द्यायला आला नाही, आणि आता भावाची चौकशी करतोय. सूर: कडवट.'

बाकीच्यांनी बैठकीत काकींचा आवाज ऐकला होता, पण घरचं भांडण म्हणून कुणी मधे पडलं नाही. पुढच्या बैठकीला मदुराईचा चौकोन नव्हता. काळाही नव्हता. तात्यांनी हाक मारली, थांबले, आणि पुन्हा हाक मारली. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी मागचा अहवाल उघडला, आणि काकींचं वाक्य तात्यांच्या नावावर दिसलं. रेकॉर्डिंग काढून ऐकलं, तात्यांनाही ऐकवलं. काकी तेव्हा बाजाराला गेल्या होत्या.

"मी आत्ताच दुरुस्त करून पाठवते," मी म्हणाले. "ते वाक्य काकींचं हुतं म्हणून सांगते."

"न्हाई."

"आवं तात्या, पण ते तुमी बोललाच न्हाई."

"तिचं नाव घालू?" दम घेत घेत ते बोलत होते. "तिनं त्याला पोरागत वाढावलं. नऊ वर्सं ती रोज रडती, मला म्हाईत हाय. आता तिच्या नावावर ह्ये चढवू? बावीस गावांत वाचत्याल. त्यापरीस माज्या नावावर ऱ्हाऊ दे. मी थोरला हाय. त्याच्या लेखी मी एकदा चुकलोयच, त्यात आनी एक."

मी म्हणाले, निदान तुमचं उत्तर तरी पाठवू. ते म्हणाले, अर्धं पुसून अर्धं धाडलं तर त्याला वाटेल दादा सारवासारव करतोय. "मी बोलंन त्याच्याशी. यात्रेला बोलावतो. समोर आल्यावर काय ऱ्हातंय?" आणि माझ्याकडून शब्द घेतला की काकींना यातलं काही कळू द्यायचं नाही. मी दिला. रेकॉर्डिंग आमच्याकडे महिन्यानंतर आपोआप पुसलं जायचं. तेही पुसलं गेलं.

तात्यांनी फोन केले. मी समोर असताना तीनदा. घंटा वाजत राहायची आणि तात्या मोबाईल कानाला तसाच धरून बसायचे, फोनमधली बाई तामिळमध्ये काहीतरी सांगेपर्यंत. यात्रा माघात. तात्या पौषातच गेले, सकाळी, टोपी हातात घेऊन बाजेवर बसल्या बसल्या. मारुतीला कोइंबतूरनं कळवलं. यावेळीही तो दीड दिवसाच्या अंतरावर होता. मुलगा नव्हता, पुतण्या नव्हता. चुलतभावानं अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मारुती आला. पन्नाशीचा, कानशिलं पांढरी, तात्यांसारखाच खोकणारा. सोप्यात काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी आमच्या घरून डबा घेऊन आले होते. तो तात्यांच्या खुर्चीजवळ खाली बसला, खुर्चीत नाही. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"ते मशीन तूच बसवलंवतंस न्हवं?"

"व्हय, मारुतीकाका."

"मग मला खरं सांग. दादा तसंच बोलला? आईला खांदा द्याय आला न्हाई, आन् आता भावाची चौकशी करतोय. ह्येच?"

मला तात्यांना दिलेला शब्द आठवला. मी खाली मान घातली. पण त्यानं ते वाक्य मोठ्यानं म्हटलं होतं, आणि ते ज्यांचं होतं त्या दोन हातांवर बसल्या होत्या. मी न बघताही मला कळलं की काकी भिंतीपासून सरळ झाल्या आहेत.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ते मी बोलले."

मारुती त्यांच्याकडे बघत राहिला. "तुमी?"

"मी. आतनं. ह्यास्नी तर बोलवत बी नव्हतं. त्यांच्या नावानं कुनी लिवलं?"

कुणी लिहिलं ते तिथंच बसलं होतं. मी सगळं सांगितलं. काकींनी पदर तोंडाशी धरला. मारुती त्यांच्याकडे वळला.

"वैनी, तुमी बोललाय ह्ये कळलं असतं तर मी दुसऱ्या दिशी घरात असतो. तुमचा हक्क हुता. तुमी दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी मी आलो असतो. मला वाटलं दादानं तोडलं."

तात्यांनी काकींना जपलं होतं. ज्या वाक्यावर मारुती धावत आला असता ते वाक्य त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं, आणि तेच त्याला तोडून गेलं. मी त्या दिवशी तिथं बसून तात्यांवर रागावले, खरंच रागावले. मग स्वतःवर. त्यांना पाच मिनिटं आधी विचारलं असतं की हे पाठवू का, तर ते पानच कुठं गेलं नसतं. आता आमच्या ऑफिसात कुठलाही अहवाल एका माणसानं वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. ते मी भांडून करून घेतलं. तात्यांच्या उपयोगाचं ते नव्हतं.

मी उठले आणि कोनाड्यातली वही काढली. ती तिथं असणार हे माहीत होतं, पण आत काही असेल याची खात्री नव्हती. मी फोटो पाठवायचं बंद केलं तेव्हा तात्यांनीही लिहायचं सोडलं असेल असं मला वाटत होतं. त्यांनी सोडलं नव्हतं. यंत्र सुरू झाल्यानंतरची प्रत्येक बैठक तिथं होती, त्याच निळ्या पेनानं, फक्त अक्षर दर महिन्याला थोडं जास्त थरथरलेलं. गणपतीनंतरचं पान मी उघडलं आणि मारुतीच्या हातात दिलं.

त्यानं चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचू लागला.

"श्री. मारुती हे उपस्थित होते. श्री. मारुती यांनी सचिवांच्या प्रकृतीची आपुलकीने विचारपूस केली. सचिवांनी प्रकृती बरी असल्याचे सांगून, ते वेळेवर जेवतात किंवा कसे, याबाबत चौकशी केली."

पुढे यात्रेच्या मांडवाचं काहीतरी होतं. ते त्यानं वाचलं नाही. बोट मागं आणलं.

"ह्ये मला का न्हाई धाडलं?"

"मी बंद केलंवतं," मी म्हणाले. "वही कशाला म्हणाले मी त्यांना."

त्यानं मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो त्या ओळीकडे बघत होता आणि बोट 'चौकशी केली' या शब्दांवर तसंच होतं.

"न्हाई जेवलो, दादा," तो वहीला म्हणाला. "परवापास्नं."

काकींनी डोळे पुसले, हात लांब करून माझा डबा पुढ्यात ओढला आणि झाकण काढलं.